क्षमेची किंमत

१०,००० टॅलंट ही रक्कम किती मोठी, हे आज चटकन ध्यानात येत नाही. पहिल्या शतकातल्या पॅलेस्टाईनमध्ये मजुराला दिवसभर राबल्यावर १ दिनार मिळे. ६,००० दिनारांचा एक टॅलंट. वर्षाकाठी ३०० दिवस काम धरलं, तर १०,००० टॅलंट फेडायला एका मजुराला २ लाख वर्षं लागली असती. गालीलवर राज्य करणाऱ्या हेरोद अंतिपासाचं अख्ख्या मुलखाचं वर्षाचं उत्पन्न २०० टॅलंट होतं, असं योसेफस हा इतिहासकार सांगतो. येशूच्या एका दाखल्यातल्या चाकरावर हे एवढं कर्ज आहे. तो राजाच्या पाया पडून मुदत मागतो. राजा मुदतीचं बोलतच नाही, सगळं कर्जच सोडून देतो. बाहेर पडताच या चाकराला त्याचा एक सोबती भेटतो. त्याच्याकडून याचे १०० दिनार यायचे असतात. हा त्याची मानगूट धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. राजाच्या कानावर हे जातं आणि दिलेली माफी तो मागे घेतो.

येशूचा शिष्य पेत्र याने विचारलेल्या प्रश्नातून हा दाखला निघाला. अपराध करणाऱ्या भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे का, असं त्याने विचारलं होतं. येशूने साताच्या सत्तर वेळा असं सांगून मोजदादच निकालात काढली आणि मग ही गोष्ट सांगितली. तिच्यातली एक बाब वाचताना सहज नजरेतून सुटते. राजाने कर्ज सोडलं, म्हणून ते नाहीसं झालं नाही. तेवढा पैसा राजाच्या खजिन्यातून कायमचा गेला. माफ झालेलं प्रत्येक कर्ज कुणीतरी सोसलेलं असतं, आणि सोसणारा असतो माफ करणारा.

ख्रिस्ती धर्मातला पाप आणि क्षमा यांचा सगळा विचार या जाणिवेवर उभा आहे. गेल्या दोन हजार वर्षांत ख्रिस्ती लोकांनी ही क्षमा कधी इतकी महाग केली की पडलेल्या माणसाच्या ती आवाक्यातच राहिली नाही, तर कधी इतकी स्वस्त केली की ती छापील कागदावर विकली गेली. या दोन टोकांमधली ओढाताण हाच या प्रकरणाचा विषय आहे.

गरिबाची मेंढी

बायबल पापाच्या व्याख्या क्वचित करतं. ते गोष्टी सांगतं. त्यांतली एक दावीद राजाची. राजवाड्याच्या गच्चीवरून त्याला बथशेबा दिसते. तिचा नवरा उरीया दावीदाच्याच सैन्यात आणि त्या वेळी रणांगणावर. बथशेबाला दिवस जातात, तेव्हा प्रकरण झाकण्यासाठी राजा उरीयाला बोलावून घेतो आणि घरी जायला सांगतो. पण सोबती उघड्यावर झोपत असताना आपण घरी कसं जायचं, म्हणून तो इमानी शिपाई राजवाड्याच्या दारातच रात्र काढतो. शेवटी दावीद सेनापतीला पत्र लिहितो: याला घनघोर लढाईच्या तोंडी उभा करा आणि मागे सरा. हे पत्र तो उरीयाच्याच हाती देऊन पाठवतो.

मग नाथान संदेष्टा दरबारात येतो आणि एक फिर्याद मांडतो. गावात एक श्रीमंत, त्याची गुरंमेंढरं उदंड. एक गरीब, त्याची एकच मेंढी, लेकीसारखी वाढवलेली. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने गरिबाची मेंढी कापली. दावीद संतापतो, हा माणूस मरणाच्याच लायकीचा आहे म्हणतो. तो माणूस तूच आहेस, असं नाथान त्याला तोंडावर सांगतो. दावीद सबबी सांगत नाही, दोन शब्दांत कबुली देतो. त्याला क्षमा मिळते. पण उरीया परत येत नाही, आणि दावीदाच्या घरात पेटलेला कलहही विझत नाही. क्षमा मिळाली तरी केल्या कर्माचे परिणाम पुसले जात नाहीत, हे बायबल इतक्या आधीच सांगून ठेवतं.

दावीदाने अपराध केला उरीयाचा, पण कबुली देताना तो म्हणतो की मी देवाविरुद्ध पाप केलं. माणसाला माणूस देवाने दिलेला, म्हणून माणसावरचा घाव देवावरही पडतो, हा यातला विचार आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम आणि हव्वा मना केलेलं फळ खातात तेव्हाही हेच घडतं. ती दोघं देवापासून लपतात, आदाम हव्वेवर ठपका ठेवतो, हव्वा सर्पावर, आणि ज्या जमिनीतून अन्न येतं ती काटे देऊ लागते. देवाशी, माणसाशी आणि मातीशी असलेलं नातं एकदमच तुटतं. पाप म्हणजे हे तुटणं.

पण माणूस असं का करतो? उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने ‘कन्फेशन्स’ या आत्मचरित्रात एका चोरीची चिरफाड केली आहे. सोळाव्या वर्षी त्याने मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती झोडपून नेली आणि बहुतेक डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती. मग गोडी कशात होती? चुकीचं करण्यातच, आणि सोबतीने करण्यात, असं तो लिहितो. पुढे येशूचा प्रेषित पौल याच्या पत्रांचा अभ्यास करून तो या मताला आला की माणसाची इच्छाशक्ती जन्मतःच वाकलेली आहे आणि देवाच्या कृपेवाचून ती सरळ होत नाही. पेलागियस या तपस्व्याला हे मान्य नव्हतं. माणूस मनात आणेल तर निर्दोष जगू शकतो, असं त्याचं म्हणणं. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसच्या मताविरुद्ध कौल दिला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांनी मात्र ऑगस्टीनची मांडणी पूर्णपणे कधीच घेतली नाही. आदामाकडून आपल्याला मरण आणि दुबळेपण मिळालं, त्याचा दोष मात्र आपल्या माथी नाही, असं ते आजही मानतात.

क्रुसावर कुणी काय सोसलं

येशू ज्या यहुदी परंपरेत वाढला, तिच्यात वर्षातून एक दिवस प्रायश्चित्ताचा असे. यरुशलेमच्या मंदिरात दोन बकरे आणले जात. एकाचा बळी दिला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून मुख्य याजक लोकांच्या पापांचा उच्चार करी आणि त्याला रानात हाकलून दिलं जाई. येशूच्या शिष्यांनी त्याच्या मरणाचा अर्थ या विधीच्या प्रकाशात लावला. त्याने लोकांची पापं स्वतःवर घेतली, ही ख्रिस्ती श्रद्धेची मध्यवर्ती गोष्ट आहे.

ती कशी घडली, याविषयी मात्र ख्रिस्ती विचारवंतांत एकमत नाही. सुरुवातीच्या शतकांत क्रूस म्हणजे मृत्यूवर आणि सैतानावर मिळवलेला विजय, असा सूर होता. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने १०९८ च्या सुमारास वेगळी मांडणी केली: माणसाने देवाचा अवमान केला, त्याची भरपाई माणसानेच करायला हवी, पण ती करण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. त्याच्यामागून आलेल्या आबेलार या विचारवंताने भर दिला तो प्रेमावर. इतकं प्रेम पाहून माणसाचं काळीज बदलतं, आणि तेच तारण. तिन्ही मतं एका मुद्द्यावर मिळतात: क्षमेची किंमत देवाने स्वतः सोसली. खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्रुसावरून क्षमा मागणारा येशू लूकच्या शुभवर्तमानात दिसतो. तिथे क्षमा आणि सोसणं एकाच देहात आहे.

कार्थेजचा पेच

बाप्तिस्म्याने आधीची पापं धुतली जातात, हे सर्वांना मान्य होतं. प्रश्न होता त्यानंतरच्या पापांचा, आणि तो ऐरणीवर आला २५० मध्ये. रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा आणि अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. पपायरसच्या तुकड्यावर अर्जदाराचं नाव, गाव, आपण अधिकाऱ्यांसमक्ष बळी दिला आणि प्रसाद चाखला असं निवेदन, खाली साक्षीदारांची सही. नकार देणाऱ्यांना तुरुंग, छळ, कधी मरण. पुष्कळ ख्रिस्ती डगमगले. काहींनी बळी दिला, काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला.

वर्षभरात छळ ओसरला आणि हे लोक रडत परत आले. आता यांचं करायचं काय? रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, यांना देव क्षमा करो न करो, ख्रिस्तसभेने कधीच परत घेऊ नये. उलट कार्थेजमध्ये, तुरुंगवास भोगलेले काही विश्वासवीर आपल्या पुण्याईवर सरसकट माफीची पत्रं वाटत होते. एकाने दार बंद केलं, दुसऱ्यांनी दारच काढून टाकलं.

कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मधली वाट धरली. २५१ मध्ये बिशपांची परिषद भरवून प्रत्येकाचं प्रकरण स्वतंत्रपणे पाहायचं ठरलं. नुसता दाखला विकत घेणाऱ्याला प्रायश्चित्तानंतर लवकर परत घ्यायचं. बळी देणाऱ्याला दीर्घ प्रायश्चित्त, पण मरणाच्या दारात असेल तर क्षमा नाकारायची नाही. पुन्हा छळाची चिन्हं दिसली तेव्हा परिषदेने प्रायश्चित्त करत असलेल्या सर्वांनाच सामावून घेतलं, कारण ज्याला प्रभुभोजन नाकारलं त्याने श्रद्धेसाठी प्राण द्यावा, अशी अपेक्षा कशी करायची? पाप लहान ठरवायचं नाही आणि पाप्याला वाऱ्यावर सोडायचं नाही, ही सिप्रियनची कसोटी आजही जुनी वाटत नाही. २५८ मध्ये त्याने स्वतः हौतात्म्य पत्करलं.

चौकातून कानापर्यंत

पुढची काही शतकं मोठ्या पापांचं प्रायश्चित्त चारचौघांत होई. पापी माणूस गोणपाट नेसून, अंगावर राख घेऊन चर्चमध्ये वेगळा बसे आणि प्रभुभोजनाला मुके. महिने, कधी वर्षं लोटल्यावर बिशप त्याला हात धरून परत घेई. राजालाही यातून सूट नव्हती. ३९० मध्ये थेस्सलोनिका इथे जमावाने एका सेनानीला मारलं, तेव्हा सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने हजारो नागरिकांची कत्तल झाली. मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याला पत्राने कळवलं की तू प्रायश्चित्त करीपर्यंत तुझ्यासमोर मी मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाचा विधी, करणार नाही. सम्राटाने राजचिन्हं उतरवली आणि सर्वांदेखत चर्चमध्ये रडून क्षमा मागितली.

या पद्धतीत एक मोठी खोट होती. असं प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळे, म्हणून लोक ते मरणाच्या घटकेपर्यंत पुढे ढकलत. तोडगा आला आयर्लंडच्या मठांतून. तिथले संन्यासी आपले दोष एका अनुभवी गुरूला एकांतात सांगत, तो प्रायश्चित्त नेमून देई, आणि हे कितीही वेळा करता येई. कोलंबानससारख्या संन्याशांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस ही रीत युरोपात नेली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने समजतं वय आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावं, असा नियमच केला आणि ऐकलेलं पाप उघड करणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षा ठरवली.

कॅथलिक चर्चमधला हा विधी आजही थोडक्यात उरकतो. धर्मगुरूच्या गळ्यात जांभळा पट्टा, मध्ये जाळी. निवेदन करणारा क्रुसाची खूण करतो, मागचं निवेदन कधी केलं ते सांगतो आणि पापं सांगतो. गंभीर पापं कोणती आणि किती वेळा केली, तेही. धर्मगुरू दोन शब्द उपदेश करतो आणि प्रायश्चित्त देतो, बहुधा काही प्रार्थना. मग पश्चात्तापाची प्रार्थना होते आणि धर्मगुरू हात उभारून देवाच्या नावाने पापमोचन देतो. चोरी केली असेल तर चोरलेलं परत केलं पाहिजे; तो हेतू नसेल तर पश्चात्ताप खरा धरत नाहीत. ऐकलेलं गुपित धर्मगुरूने न्यायालयातही सांगायचं नसतं. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये जाळी नाही. माणूस येशूच्या चित्रासमोर उभा राहून बोलतो आणि धर्मगुरू बाजूला साक्षीला असतो. त्यांच्याकडे उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या रविवारी आणखी एक सुंदर रीत आहे. चर्चमधली माणसं एकेकासमोर वाकून क्षमा मागतात आणि देतात. म्हातारा पोरासमोर वाकतो, धर्मगुरू सर्वांसमोर.

विटेनबर्गचा प्रश्न

मध्ययुगात कॅथलिक ख्रिस्तसभेने असं शिकवलं की पापनिवेदनाने दोष जातो, पण काही शिक्षा उरते. ती इथे किंवा मरणानंतर शुद्धिस्थानात भोगावी लागते. ख्रिस्त आणि संत यांच्या पुण्याईच्या आधारे ही शिक्षा कमी करणारं पत्र म्हणजे इंडल्जन्स. १४७६ मध्ये पोप चौथा सिक्स्टस याने मृतांसाठीही ते लागू केलं. पुढे रोममधल्या संत पेत्राच्या बॅसिलिकेच्या बांधकामासाठी जर्मनीत या पत्रांची विक्री सुरू झाली. जमलेल्या पैशातला निम्मा वाटा माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याचं फुगर पेढीचं कर्ज फेडण्याकडे वळत होता. योहान टेट्झेल हा तिचा गाजलेला प्रचारक.

मार्टिन ल्यूथर तेव्हा विटेनबर्गमध्ये शिकवत होता. तरुण संन्यासी असताना तो तासन्‌तास पापनिवेदन करी आणि तरी काही राहून गेलं का, या धास्तीने पोखरून निघे. पौलाचं रोमकरांस पत्र वाचताना त्याला उमगलं की देव माणसाला नीतिमान ठरवतो ते त्याच्या कामगिरीवरून नाही, विश्वासावरून. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने इंडल्जन्सविषयीचे आपले ९५ मुद्दे आल्ब्रेख्तला पाठवले. त्यांतल्या पहिल्याच मुद्द्याचा आशय असा की ख्रिस्ती माणसाचं सगळं आयुष्य हाच पश्चात्ताप असायला हवा. विकत घेतलेल्या एका पत्राने तो आटोपत नाही.

यातून प्रोटेस्टंट पंथ उभे राहिले. त्यांच्याकडे माणूस थेट देवाजवळ कबुली देतो किंवा उपासनेत सर्वांबरोबर कबुलीची प्रार्थना म्हणतो. खासगी कबुली ल्यूथरने मात्र शेवटपर्यंत सोडली नाही. कॅथलिक बाजूनेही ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये इंडल्जन्समागच्या पैशाच्या व्यवहाराला पायबंद घातला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी, माणूस कृपेनेच नीतिमान ठरतो, या मूळ मुद्द्यावरच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या.

केडगावचं कृपासदन

मराठीत हा विषय फार पूर्वीच आला. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोल इथे छापलं गेलं. सुमारे ११,००० ओव्यांत त्याने आदामाच्या पतनापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा सांगितली. वसईच्या कॅथलिक गावांत आजही राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून प्रायश्चित्तकाळ सुरू होतो.

क्षमेच्या विचाराने महाराष्ट्रात विटामातीचं रूप घेतलं ते पंडिता रमाबाईंच्या हातून. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे धर्मभगिनींनी ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी चालवलेलं फुलहॅमचं आश्रयगृह त्यांनी पाहिलं. समाजाने टाकलेल्या बायकांना इतक्या मायेने वागवताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. याचं मूळ कशात, म्हणून विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिचं आयुष्य जाणतो आणि तरी तिच्याशी मानाने बोलतो. आपल्या धर्मांतराच्या निवेदनात रमाबाईंनी या अनुभवाला महत्त्वाचं स्थान दिलं आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभारलं. तिथे आलेल्या बाईला क्षमा मिळे ती छप्पर, जेवण, अक्षरओळख आणि हाताला काम या रूपात. क्षमेची किंमत त्या घराने रोज भरली.

क्षमा केली म्हणजे न्याय संपला का?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही, कारण क्षमेच्या नावाखाली अन्यायही झाला आहे. अनेक देशांत मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठांनी क्षमेची भाषा करत दुसऱ्या गावी पाठवलं आणि पीडितांना गप्प बसवलं. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांना असे प्रकार ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना कळवणं धर्मगुरूंसाठी आणि व्रतस्थांसाठी सक्तीचं करावं लागलं. ज्याने सोसलं त्याला न विचारता तिसऱ्यानेच दिलेली माफी ही क्षमा होत नाही. नाझी राजवटीविरुद्ध उभा राहिलेला जर्मन पाळक डिट्रिख बॉनहोफर याने १९३७ मध्येच पश्चात्तापावाचून वाटल्या जाणाऱ्या अशा माफीला ‘स्वस्त कृपा’ म्हणून तिच्यापासून सावध केलं होतं.

खरी क्षमा कशी असते, ते इंदूरजवळच्या एका घटनेत दिसतं. केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगर भागातल्या गरीब शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात समंदरसिंग या भाडोत्री मारेकऱ्याने त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. क्षमा मागायला तो केरळला गेला, तेव्हा राणी मारियांच्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. खून लहान ठरवला गेला नाही, कायद्याने आपलं काम केलं, मारेकऱ्याने अकरा वर्षं तुरुंगात काढली. आणि त्या हातांचं चुंबन घेताना आईने जे सोसलं, ते इतर कुणालाही तिच्यासाठी सोसता आलं नसतं.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या मेहमत अली आजाला काही दिवसांतच क्षमा केली आणि १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. तरी आजा २००० पर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. क्षमा हृदयातलं वैर संपवते. समाजाचं देणं ती आपोआप चुकतं करत नाही. यरीहोचा जकातदार जक्कय येशूला भेटल्यावर नुसता रडला नाही. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट, असं त्याने तिथेच सर्वांसमक्ष जाहीर केलं, आणि येशूने त्याच्या घरी तारण आल्याचं सांगितलं.

म्हणून ख्रिस्ती धर्माचा क्षमेविषयीचा आग्रह दुहेरी आहे. दुखावलेल्याने क्षमेचं दार कायमचं लावून घेऊ नये, कारण त्यालाही कधीतरी क्षमा मिळालेली आहे. आणि ज्याने दुखावलं त्याने देवाच्या क्षमेआड लपू नये. डोंगरावरच्या प्रवचनात येशू दुसऱ्या बाजूचं अगदी रोखठोक सांगतो: तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. देवाकडे जाणारी वाट त्या भावाच्या घरावरूनच जाते, आणि पहिलं पाऊल अपराध करणाऱ्याने टाकायचं असतं.